अँप्लिफायरचं वेगळं बिऱ्हाड

आमच्या घरात सध्या साधं एक गाणं लावायचं तरी यंत्रांची मनधरणी करावी लागते, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. आधी रिसीव्हर जागा करायचा. त्याने डोळे उघडून स्वतःचं नाव सांगितलं की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. मग अँप्लिफायर. बंद करताना बरोबर उलट, म्हणजे आधी अँप्लिफायर आणि मग रिसीव्हर. क्रम चुकला की स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, "कोण पडलं रे?"

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी एकच काळा खोका होता, त्याला एकच बटण होतं आणि ते कुणीही दाबलं तरी चालत असे.

हा खोका म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावं. वरच्या मजल्यावर घरातलं डोकं बसतं. टीव्ही, फोन, सीडी यांतलं कुणाचं ऐकायचं, आवाज किती ठेवायचा, कुठल्या स्पीकरला काय पाठवायचं, हे सगळं ते ठरवतं. याच कामाला प्रीअँप म्हणतात. तळमजल्यावर सात भाऊ असतात, सात स्पीकरांचे सात अँप्लिफायर. डोकं सांगेल तो बारीक आवाज वजनदार करून स्पीकरपर्यंत पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. आणि हे सातही जण एकाच ट्रान्स्फॉर्मरच्या कमाईवर जेवतात. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘१०० वॅट’. खाली मुंगीच्या अक्षरात असतं की हे दोनच चॅनेल, म्हणजे दोनच भाऊ, चालू असतानाचं माप आहे. सातही भाऊ एकदम पंगतीला बसले की आमटीत पाणी वाढतं. पण आमच्याकडे सात स्पीकर कधी लागलेच नाहीत. पाच होते, त्यातला एक कपाटामागे गेलेला. कुणी उपाशी राहत नव्हतं.

मग गेल्या दिवाळीत फराळाला साडू आला.

माझा साडू ठाण्याला राहतो. त्याचा हॉल आमच्या गोरेगावच्या अख्ख्या घराएवढा आहे, हे तो कधी बोलून दाखवत नाही. आमच्या हॉलमध्ये आला की फक्त जपून वळतो. मी हौसेने गाणं लावलं. त्याने चकलीचा तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "दम नाही."

"चकलीत?" बायकोने दारातून विचारलं.

"नाही हो. चकली फर्स्टक्लास. रिसीव्हरमध्ये दम नाही."

पुढचा पाऊण तास त्याने मला सेपरेट्सचं तत्त्वज्ञान सांगितलं. रिसीव्हर डोक्याने हुशार असतो, पण मनगटात मार खातो. तेव्हा डोकं त्याचंच ठेवायचं आणि मनगट दुसऱ्याचं आणायचं. रिसीव्हरच्या पाठीमागे ‘प्री-आउट’ नावाची भोकं असतात. तिथून वायर काढून वेगळ्या पॉवर अँपला द्यायची आणि पुढचे दोन मुख्य स्पीकर त्या अँपवर चालवायचे. स्वस्तातल्या रिसीव्हरला ही सोय बहुतेक सबवूफरपुरतीच, म्हणजे खर्जाच्या स्पीकरपुरतीच असते, तेव्हा आधी बघून घे, म्हणाला.

तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन रिसीव्हरच्या मागे डोकं घातलं. भोकं होती. इतकी वर्षं मी ती हवेसाठी आहेत असं समजत होतो.

अँप मिळाला गिरगावात. एक निवृत्त काका मुलीकडे पुण्याला कायमचे जाणार होते आणि तिच्या घरात अँपला जागा नव्हती. चाळीचा तिसरा मजला, लाकडी जिना, मध्ये एका पायरीच्या जागी नुसतीच आठवण. काकांनी आधी पंचाने अँप पुसला, मग त्याच पंचाने स्वतःचा चेहरा. "दोनशे वॅट आहे," ते म्हणाले. "वर काही ठेवू नका, श्वास कोंडतो त्याचा. फुलदाणी तर अजिबात नको." झाकणाच्या जाळीतून त्यांनी मला आतला ट्रान्स्फॉर्मर दाखवला. तो गोल होता, मधे भोक, तांब्याच्या तारेचे वेढे घेतलेला. हुबेहूब मेदूवडा, फक्त चार जणांच्या कुटुंबाला चार दिवस पुरेल एवढा. अँपचं वजन चोवीस किलो. त्यातलं बरंचसं या वड्याचं.

टॅक्सी करायला हवी होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र टॅक्सीत घालवायचे पैसे वायरींना उपयोगी पडतील असा हिशेब मी केला आणि अँप छातीशी धरून ग्रँट रोड स्टेशनात बोरिवली स्लोच्या मालडब्यात शिरलो. दुपारची वेळ होती. डब्यात कोथिंबिरीचे भारे होते, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या दोन मावश्या होत्या, आणि कुठलंही सामान नसलेली पंचवीस माणसं होती, जी मुंबईच्या प्रत्येक मालडब्यात असतात.

"काय आहे?" एका मावशीने विचारलं.

"अँप्लिफायर."

"डीजे का?"

"नाही, घरचा."

"लग्न हाय घरात?"

"नाही हो. गाणी ऐकायला."

मावशीने दुसऱ्या मावशीकडे पाहिलं. मोबाइल नावाची वस्तू निघून इतकी वर्षं झाली, या माणसाला कुणी सांगितलं नाही वाटतं, असा तो कटाक्ष होता. दादरला एक आजोबा चढले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हाताने अँपवरची धूळ झटकली आणि त्यावर बसले. फुलदाणीबद्दल काकांनी सांगितलं होतं. आजोबांबद्दल काही सूचना नव्हती. ते अंधेरीला उतरताना म्हणाले, "चांगला आहे. मजबूत आहे." हा अँप आवडल्याचं आमच्याकडच्यांपैकी आजवर एवढ्या स्पष्टपणे कुणी म्हटलेलं नाही.

घरी बायकोने दार उघडलं. माझ्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे.

"अहो, हे काय?"

"अँप्लिफायर."

"आपल्याकडे आहे ना एक?"

"तो आता प्रीअँप झाला."

"म्हणजे बढती की निवृत्ती?"

प्रश्न अचूक होता. रिसीव्हरच्या पोटातले पुढच्या स्पीकरांचे दोन भाऊ त्या दिवसापासून काहीही काम न करता घरात बसून होते आणि वीज तेवढी खात होते. नव्या काही रिसीव्हरांत या मंडळींना रीतसर झोपवायची सोय असते, तिला प्रीअँप मोड म्हणतात. आमच्या रिसीव्हरच्या काळी सक्तीच्या निवृत्तीची पद्धत नव्हती.

वायरी जोडल्या. बटण दाबलं. घरातले सगळे दिवे गेले.

हा दोष अँपचा नव्हता, त्याच्या भुकेचा होता. एवढा मोठा मेदूवडा बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी विजेचा असा काही घोट घेतो की एमसीबीला वाटतं घरात शॉर्ट सर्किट झालं. ते बिचारं कर्तव्य म्हणून पडतं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. तिसऱ्या खेपेला उभं राहिलं. शेवटी अँपला फ्रीजशेजारचा पंधरा अँपिअरचा पॉइंट दिला आणि त्यावर चालणारा मिक्सर देवघराजवळ गेला. आई आता चटणी वाटताना देवाला पाठ करून उभी राहते आणि दर वेळी आधी त्याची क्षमा मागते.

आणि मग तो आवाज आला.

गाणं अजून लावलेलंच नव्हतं. रिसीव्हर चालू, अँप चालू, आणि दोन्ही स्पीकरांमधून अखंड ‘घूंऽऽऽ’. मोठा नाही. रस्त्यावर रिक्षा चालू असेल तर ऐकूही येणार नाही असा. पण रात्री अकराला, सगळं निवल्यावर, हॉलमध्ये कुणीतरी तोंड मिटून बसलंय आणि मनातल्या मनात चिडतंय असं वाटायचं.

"फ्रीज असेल," बायको म्हणाली.

मी फ्रीज बंद केला. घूं चालूच. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, वायफाय बंद केलं, फोनचे चार्जर काढले. अंधारात, घाम पुसत, आम्ही दोघं सोफ्यावर बसून घूं ऐकत होतो. आई खोलीतून बाहेर आली. लाइट गेल्येत असं समजून तिने मेणबत्ती आणली होती. ती दोन मिनिटं उभी राहिली, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "पांढरी पाच."

"काय?"

"पांढरी पाच लागलीय. खालच्या सप्तकातली. किंचित चढी आहे."

आई आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवते. मी नंतर हिशेब करून पाहिला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, ५० हर्ट्झ. पेटीवरची पांढरी पाच खाली खाली नेली की ४९ हर्ट्झवर येते. म्हणजे ‘किंचित चढी’ हे शंभर टक्के बरोबर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असते. तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडते, कुठल्याच पट्टीत बसत नाही. त्या बाबतीत आपण नशीबवान. आईने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या स्पीकरसमोर बसून ‘घूं’वर हरिपाठ म्हटला. "तंबोऱ्याचं काम झालं बघ," म्हणाली. "आमची पट्टी हीच आहे. बंद नको करू."

पण मी पैसे तंबोऱ्याचे दिले नव्हते.

पुढचे तीन आठवडे मी गुणगुणीच्या मागे होतो. पहिला प्रयोग सोपा होता: अँपला जाणारी रिसीव्हरची वायर काढली. गुणगुण थांबली. म्हणजे अँप निर्दोष. वायर लावली, आली. म्हणजे रिसीव्हर दोषी? पण तो एकटा असताना इतकी वर्षं कधी गुणगुणला नव्हता. दोघंही वेगवेगळे असताना सज्जन, एकत्र आले की भांडण. अशी माणसं पुष्कळ पाहिली होती, यंत्रं पहिल्यांदाच.

साडूने फोनवर निदान केलं: वायर हलकी आहे. लॅमिंग्टन रोडला जाऊन जाड वायर आणली. घूं थोडी जाड झाली. मग विजेच्या वायरी आणि आवाजाच्या वायरी एकमेकींपासून लांब ठेवल्या. यासाठी टीव्हीचं टेबल पुढे ओढावं लागलं आणि हॉल आणखी एक फूट आखूड झाला. इलेक्ट्रिशियन आला, त्याने अँपचा प्लग हातात घेतला, वळवून पाहिला आणि पक्कड मागितली.

"हे वरचं जाडं पिन काढून टाकू," तो म्हणाला. "सगळे तेच करतात. आवाज गेलाच समजा."

साडूचंही हेच मत पडलं. आता एक गोष्ट इथे मी विनोद बाजूला ठेवून सांगतो. ते वरचं जाडं पिन अर्थिंगचं असतं. अँप म्हणजे लोखंडी पेटी. आत एखादी तार सुटून पेटीला लागली तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते आणि एमसीबी पडतं. पिन नसेल तर वीज पेटीवर दबा धरून बसते आणि पहिला हात लावेल त्याची वाट बघते. आमच्याकडे पहिला हात आईचा असतो. ती ओल्या फडक्याने सगळं पुसते, अँपही. मी इलेक्ट्रिशियनला चहा दिला आणि पक्कड परत घेतली. त्याने जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं फुकट मिळणारं औषध नाकारणाऱ्या पेशंटकडे बघतात.

कोडं सुटलं ते महिन्याच्या सात तारखेला, आणि सोडवलं केबलच्या पोराने. तो पैसे न्यायला आला होता. आईने तक्रार केली की मालिका बघताना मधेच चित्राचे चौकोन होतात. त्याने सेट टॉप बॉक्सच्या मागची काळी केबल फिरवून बाहेर काढली, टोकाला फुंकर मारली.

घरात शांतता पसरली.

"थांब," मी ओरडलो. "हलू नकोस."

पोरगं केबल हातात धरून पुतळ्यासारखं उभं राहिलं. "काका, शॉक लागेल का?"

"परत लाव."

त्याने लावली. घूंऽऽऽ.

"काढ."

शांतता.

आम्ही हे सात-आठ वेळा केलं. आई हॉलमध्ये उभी राहून पांढरी पाच लागते-सुटते बघत होती. आठव्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी आपसूक खाली बसलो.

रिसीव्हरचा प्लग दोन पिनांचा होता, म्हणजे त्याला स्वतःची जमीनच नव्हती. टीव्हीही दोन पिनांचा. पण रिसीव्हर एचडीएमआयच्या वायरने टीव्हीला जोडलेला, टीव्ही बॉक्सला, बॉक्स केबलच्या काळ्या वायरला, आणि ती वायर खिडकीतून वर गच्चीवर जाऊन तिकडच्या खांबावर कुठेतरी जमिनीला भेटत होती. इतकी वर्षं ही एकच वाट होती, म्हणून सगळे शांत. मग तीन पिनांचा अँप घरात आला आणि त्याने स्वतःची वेगळी जमीन आणली. एकाच साखळीला दोन टोकांना दोन जमिनी मिळाल्या. दोन्ही जमिनी कागदावर शून्य. प्रत्यक्षात एक जरा वर, एक जरा खाली. तेवढ्या फरकाने विजेचा एक बारीक ओढा आवाजाच्या वायरीवरून वाहायला लागला, आणि अँप त्याचं काम इमानेइतबारे करत तो ओढा मोठा करून आम्हाला ऐकवत होता. ग्राउंड लूप म्हणतात याला. कोकणात भावकीत जे होतं तेच. तिथे कोर्टात जातात, इथे स्पीकरमध्ये.

"मग केबल काढूनच टाकू?" मी आशेने विचारलं.

आईने उत्तर दिलं नाही. रात्री आठची मालिका होती. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

तोडगा निघाला तो शंभर-दोनशे रुपयांच्या वायरीत. टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामधली एचडीएमआय काढायची आणि तिच्या जागी ऑप्टिकल केबल लावायची. तिच्यातून वीज जातच नाही, उजेड जातो. प्लास्टिकचा बारीक धागा, त्याला विजेशी देणंघेणं नाही. ओढा तिथेच आटतो. मी टीव्हीत टोक खोचलं आणि दुसरं टोक आईला दाखवलं. टोकावर लाल ठिपका लुकलुकत होता.

"यातून मालिका जाते?" तिने विचारलं.

"मालिकेचा आवाज जातो."

"हा तर दिवा आहे."

"दिव्याचाच आवाज करतो तो रिसीव्हर."

आईने त्या ठिपक्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि हात जोडले. मी लगेच टोक लावून टाकलं, नाहीतर हळदकुंकू आलं असतं.

घूं गेली. संपूर्ण गेली. त्या रात्री मी तासभर काहीही न लावता स्पीकरसमोर बसलो होतो. बायको दोनदा येऊन बघून गेली.

आता फक्त कॅलिब्रेशन उरलं होतं. गिरगावच्या काकांचा अँप आलेला आवाज आमच्या बाकीच्या भावांपेक्षा जास्त पटीने वाढवायचा, त्यामुळे पुढचे दोन स्पीकर ओरडायचे आणि मागचे कुजबुजायचे. हे समान करायला रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो आपण बसतो तिथे कानाच्या उंचीवर ठेवायचा; रिसीव्हर एकेका स्पीकरमधून ‘झुईप, झुईप’ असे आवाज काढतो, मोजतो आणि हिशेब जमवतो. अट एकच: घरात पूर्ण शांतता हवी.

गोरेगावात.

सकाळी प्रयत्न केला. तिसऱ्या झुईपला कुकरची शिट्टी झाली. रिसीव्हरने पडद्यावर लिहिलं: आसपास फार आवाज आहे. दुपारी भंगारवाला आला. मग वरच्यांनी ड्रिल लावलं. मग खिडकीच्या ग्रिलवर दोन कबुतरं आली आणि त्यांचा संसार सुरू झाला. रिसीव्हर दर वेळी तेच लिहायचा. मला राग यायचा बंद झाला. चला, इतक्या वर्षांनी मुंबईबद्दल कुणीतरी लेखी दिलं.

शेवटी रात्री अडीचला उठलो. सोफ्यावर उशी, उशीवर पाट, पाटावर रव्याचा डबा, डब्यावर माइक. पंखा बंद. मी भिंतीला चिकटून श्वास रोखलेला. झुईप, झुईप, झुईप. एका जागेचं झालं की माइक हलवून दुसरीकडे, अशा सहा जागा. पाचव्या जागेला दाराची बेल वाजली.

खालचे काका होते. गंजीवर, हातात टॉर्च आणि पाना.

"टाकी भरल्याचा अलार्म वाजतोय," ते म्हणाले. "मी पंप बंद करून आलो, तरी वाजतोच आहे. तुमच्याकडे पण येतोय ना आवाज?"

मी खरं सांगितलं. चूक झाली. काकांनी मला निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा असल्याचं ऐकवलं, २००० सालच्या नियमांसकट. हे नियम त्यांना गणपतीतल्या भांडणांमुळे तोंडपाठ आहेत. पंप बंद केल्यामुळे सकाळी अख्ख्या बिल्डिंगला पाणी आलं नाही, आणि नोटीस बोर्डावर ‘काही सभासद’ असा माझा उल्लेख झाला.

निकाल मात्र हाती आला. पुढचे स्पीकर खाली ओढले गेले, मागचे वर आले, सगळं समसमान. फक्त सबवूफर साडेपाच मीटर लांब असल्याचं रिसीव्हरने नोंदवलं. आमच्या हॉलमध्ये साडेपाच मीटर लांब जायचं तर शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसावं लागतं. मी मोजपट्टी घेऊन मोजलं: अडीच मीटर. आकडा दुरुस्त करणार होतो, पण साडू म्हणाला करू नकोस. सबवूफरच्या आत आवाजाला थोडा उशीर होतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून धरतो. हे मात्र खरं निघालं. लग्नात उशिरा येणारे ‘लांबून आलो’ म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मग एका रविवारी सहज बसून मी वॅटचा हिशेब केला. करायला नको होता. माझे स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतात. खालच्या काकांच्या वास्तव्यामुळे आम्ही ऐकतो ते सरासरी ७०च्या आतच. म्हणजे एका वॅटचाही एक लहानसा तुकडा. तबल्यावर एखादी जोरकस थाप पडली की क्षणभर त्याच्या कितीतरी पट लागतं, हे कबूल. तरी एरवी दोनशेतले एकशे नव्व्याण्णव वॅट माझ्या घरी बसून मेदूवड्याला ऊब देतात. शंभराचे दोनशे वॅट केल्याने वाढतात अवघे तीन डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दसपट. साडूला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, प्रश्न आवाजाचा नाहीच. प्रश्न अधिकाराचा आहे." डग्गा जास्त भरदार वाटतो का? वाटतो. पण हे चोवीस किलो उचलून आणलेल्या माणसाला विचारू नये.

एक भानगड राहिलीच. एचडीएमआय असताना टीव्हीच्या रिमोटनेच रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त व्हायचा. ऑप्टिकलमधून नुसता आवाज जातो, हुकूम जात नाही. त्यामुळे आईला आता रिसीव्हरचा वेगळा रिमोट घ्यावा लागतो, आणि रिसीव्हर आवाज उण्यात दाखवतो. शून्य म्हणजे थेटरातला पूर्ण आवाज, आणि त्याच्या खाली किती, ते उणे. मी तिला हे तीनदा समजावलं. तिचं म्हणणं, "उणे असून ऐकू कसं येतं?" तिला स्वतः आकडा ठरवायची भीती वाटते, म्हणून मालिका सुरू व्हायच्या आधी ती मला फोन करते.

परवा मी चर्चगेटहून निघालेल्या गाडीत, चौथ्या सीटच्या आशेने तिघांसमोर उभा होतो. फोन वाजला. गाडीत ओरडून बोलावं लागतं.

"आत्ता किती आहे? उणे बेचाळीस?... मग सोसतंय ना?... अगं, बेचाळीस फार नाही. दिवसा उणे अडतीसपर्यंत ठीक... हो, पण रात्री दहानंतर उणे पन्नास. त्याच्या वर नको... काळजी घे."

फोन ठेवला तर खिडकीजवळचे गृहस्थ माझ्याकडेच बघत होते. त्यांनी चष्मा काढला.

"सियाचिनला का हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मुलगा?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, तो सरकला, त्याच्या शेजारचाही सरकला. नुसती चौथी सीट नाही. पूर्ण बसता येईल एवढी जागा झाली. संध्याकाळी सहा सत्तावन्नच्या गाडीत.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. गोरेगावपर्यंत बसून आलो.